अनूच्या बाळंतशोपा

९ नोव्हेंबर, रविवार

अनूला पुरेसं दूध येत नाही. नात रडून रडून लाल होते आणि अनू भिंतीकडे बघत बसते. दवाखान्यातून घरी आणल्यापासून हेच चाललंय. आज मीच कंबर कसली.

लेकीचं पहिलं बाळंतपण निपाणीला माझ्याकडे व्हायचं हे ठरलं तेव्हाच मी परसात शेपू टाकून ठेवला होता. आता कोवळा, हिरवागार झालाय. सकाळी जुडी खुडली, मूगडाळ भिजवली, हिंग-जिऱ्याची फोडणी दिली. आम्हा जैनांच्या घरात लसूण नाही. लसणीवाचून शेपू लागतच नाही म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या हातची भाजी खावी. सोबत ज्वारीची मऊ भाकरी, वर तूप. मग बाळंतशोपा, म्हणजे याच शेपूचं वाळलेलं बी, मंद आचेवर भाजलं. त्यात ओवा, तीळ, किसून भाजलेलं खोबरं आणि सैंधव घालून डबा भरला. जेवण झालं की चिमूटभर चघळायचं. त्यानं आईचं दूध उतरतं आणि दुधातून लेकराच्या पोटातला वायूही मोडतो. माझ्या आईनं मला दिलं, मी जावांना, भाच्यांना दिलं. कुणाचं काही अडलं नाही.

शाळेत शिकवत होते तेव्हा रोज लिहायचे. निवृत्त झाल्यावर सुटलं. आता काय दिलं आणि काय लागू पडलं ते टिपून ठेवीन म्हणते.

अनूनं भाजी अर्धी टाकली. "वास सहन होईना, आई."

"बाळंतिणीनं वासाचं नाव काढू नये," मी म्हटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला मालुबाई येते. तिचं म्हणणं, "मी सांगतो आक्का, हिच्या अंगात वारं शिरलंय. शोपा-ओव्याची धुरी द्या, दोन दिसांत उठून बसंल." मलाही पटलं. न्हाणं झाल्यावर शेगडीत निखारे घेतले, वर बाळंतशोपा, ओवा, वावडिंग टाकलं. खोली कशी घमघमली! पण मी शेगडी खाटेजवळ नेली मात्र, अनू किंचाळली. "काढ ते इथनं! आई, बाहेर ने! आधी बाहेर ने!"

बाळ दचकून रडायला लागलं. मालुबाई माझ्याकडे बघत राहिली. मला लाज वाटली. धुराचा एवढा त्रास? लहानपणी चुलीपुढून हलत नव्हती ही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अनू म्हणते, गच्चीच्या दाराला कुलूप लाव. मी म्हटलं, माकडं आता येत नाहीत इकडे. "तरी लाव. आणि किल्ली तुझ्याजवळच ठेव. मला देऊ नको." लावलं. बाळंतिणीच्या मनासारखं करावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बारसं झालं. नाव ठेवलं माधवी. पाहुण्यांसाठी शेपूचे वडे केले होते, हातोहात संपले. बेळगावहून आमचे जावई वृषभ आणि त्यांच्या घरची मंडळी आली होती. खासबागेत घर आहे त्यांचं, जावई तिथल्याच एका शाळेत गणित शिकवतात.

एकच खटकलं. पाळण्यात घालताना बाळाला आईनं हातात घ्यायचं, तर अनू मागे सरली. "आई, तूच घाल." चारचौघांत. मी हसून निभावून नेलं. तिच्या सासूच्या नजरेतून ते सुटलं नसणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

विळीवरून वाद. मी तिच्या खोलीच्या दारात बसून शेपू चिरत होते. तेवढीच तिला सोबत. तर म्हणते, विळी घरात नको. "अगं, मग भाजी काय हातानं तोडू?" ती तोंड फिरवून झोपली. बाळ शेजारी होतं, त्याला उशीनं लांब सारलं आणि स्वतः भिंतीला चिकटली.

विळी परसातल्या मोरीशेजारी ठेवलीय. आता भाजी चिरायला उठून तिकडे जायचं, गुडघे दुखतात माझे.

जेवताना हे म्हणाले, "पोर लईच गप झालीया. मला काय बरं दिसंना."

"तुम्हाला काय कळतं बाळंतपणातलं? तुम्ही आपलं शेत बघा," मी म्हटलं. ते वाद घालत नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दूध आलं! भरपूर आलं! सकाळी अनूचा ब्लाऊज भिजला होता. मी बस्तीला, आमच्या जैन मंदिरात जाऊन देवापुढे हात जोडून आले. एवढा शेपू, एवढ्या शोपा, कुठं तरी लागणारच होतं.

पण अंगावर पाजायला तयार नाही. वाटीत काढून देते आणि म्हणते, तूच पाज चमच्यानं. मी विचारलं, दुखतं का? नाही म्हणते. बाळ रडलं की हिचे हात पुढे येतात, आणि मग स्वतःच ते मांडीखाली दाबून धरते. हल्लीच्या मुलींचं मला कळत नाही. आम्हाला कुणी विचारलं होतं का, मन आहे की नाही?

लिहिलं खरं, पण हे वाचायला बरं वाटत नाही. राहू दे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अनूची वेणी घालत होते. मध्येच म्हणाली, "आई, मला काही झालं तर माधवीला तूच वाढवशील ना?"

"असलं अभद्र बोलू नये." मी केस जरा जोरातच ओढले असावेत. तिनं डोळे मिटले.

दुपारी शोपांचा काढा गूळ घालून दिला. शोपांनी मनही शांत होतं असं आईच म्हणायची. सगळा प्याली. सांगेल ते सगळं करते, हे मात्र खरं.

३० नोव्हेंबर, रविवार

वृषभ आले होते. अनूपाशी बराच वेळ बसले. जाताना मला परसात गाठून म्हणाले, "मामी, तिला बेळगावात एका डॉक्टरना दाखवूया. मनाच्या."

"माझी मुलगी वेडी आहे म्हणताय?"

"तसं न्हाय मामी. ती झोपंना झालीय. माझ्याशी बोलताना सारखी बाळाचा श्वास बघते, आणि बाळाला हात लावायला भिते."

"दूध नव्हतं म्हणून खचली होती. आता आलंय. महिनाभर थांबा, मी उभी करून देते."

त्यांनी मान डोलावली. पण गेले ते न हसताच. आपल्या घरचं बाळंतपण, आपल्या हातचं औषध, आणि त्यावर जावयानं बोट ठेवावं! दिवसभर डोक्यातून जाईना.

२ डिसेंबर, मंगळवार. खासबाग, वृषभच्या घरी

वृषभकडून वहीचं पान मागून घेतलंय. लिहिते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

सकाळी गच्चीचं कुलूप काढून वर गेले होते, शोपा वाळत घालायला. खाली आले तर मालुबाई ओसरीत माधवीला घेऊन बसलेली. खाट रिकामी.

"अनू कुठाय?"

"मला म्हटली, मावशी, हिला जरा धरा, आनि गेली की. मला वाटलं मागं गेली आसंल."

परसात नाही, न्हाणीत नाही. फोन उशीखाली. चपला नाहीत. मी हाक मारली तर माझाच आवाज मला ओळखू येईना. हे अंगणात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर टाकला आणि धावत सुटले, थेट शेतातल्या विहिरीकडे. विहीर हा शब्द कुणीच काढला नव्हता. तरी ते तिकडेच गेले. अनवाणी.

मी वृषभना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "बाळ कुठं हाय?" आहे, माझ्याजवळ. "मी निघतो. तुम्ही स्टँडवर बघा."

माधवीला छातीशी धरून मी स्टँड गाठला. लोक बघत होते. मी प्रत्येक बाकाकडे, प्रत्येक गाडीच्या खिडकीकडे बघत होते. कंट्रोलरला सांगताना अर्धं मराठी, अर्धं कानडी तोंडातून येत होतं. तो म्हणाला, "बेळगाव गाडीला चढली बगा एक बाई. डोस्कीला स्कार्फ बांधलेली. रडालती."

तेवढ्यात ह्यांचा फोन. विहिरीत काही नाही. "काय न्हाय" एवढंच म्हणाले आणि मग फोनवर फक्त धाप ऐकू आली. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना ऐकलं नव्हतं.

वृषभ बेळगावहून समोरून येत होते. वाटेतला प्रत्येक स्टँड बघत आले. ती त्यांना संकेश्वरला सापडली, तसा फोन आला. मी आणि हे माधवीला घेऊन नाक्यावरची गाडी करून पोचलो तेव्हा ती बाकावर बसली होती, वृषभ शेजारी, मध्ये थोडी जागा सोडून. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, भोंगे, गर्दी. हिचा ब्लाऊज दुधानं भिजून अंगाला चिकटलेला. मला बघितलं आणि ती उठून मागे सरली, पार खांबापर्यंत.

"तिथंच थांब, आई. तिला जवळ आणू नको."

"का गं? काय झालं तुला?"

मग ती बोलली ते असं. "मला दिसतं. विळी बघितली की दिसतं. गच्ची बघितली की दिसतं. ते निखारे आणलेस तेव्हा दिसलं. मी तिला काहीतरी करतेय असं दिसतं. मला करायचं न्हाय गं आई! मला ती लई पाहिजे. म्हणून गेले. मी लांब गेले की ती वाचेल. इथपर्यंत आले, आणि पुढं जाववेना, माघारी येववेना."

ती मला रोज सांगत होती. मी रोज तिला शोपा देत होते.

माधवी रडायला लागली. अनूनं दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, आणि तिच्या अंगावरून दूध वाहत राहिलं.

३ डिसेंबर, बुधवार

वृषभ म्हणत होते त्या मनाच्या डॉक्टर, तेजस्वी, वयानं अनूएवढ्याच असतील. आधी अनूशी एकटीशी बोलल्या. मग आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. मला वाटलं होतं, बाळाला हिच्यापासून दूर ठेवा म्हणतील. म्हणाल्या उलटंच.

"असं दिसणं आणि तसं करणं, यात फार अंतर आहे. हिला त्या विचारांचा धसका बसलाय, किळस येते, म्हणून ती बाळापासून पळते. पुष्कळ नव्या आयांना हे होतं. कुणी सांगत नाही. हा आजार आहे आणि तो बरा होतो. गोळी सुरू करूया, ती अंगावर पाजणारीलाही चालते. दर आठवड्याला मला भेटायचं. आणि सध्या हिला एकटं ठेवायचं नाही."

मी विचारलं, "मी शोपा देते. बंद करू?"

"कशाला बंद करता? शेपू द्या, शोपा द्या, आवडीनं खाईल तेवढं. बाळाला मात्र दुधाशिवाय काही नको. पण आई, शोपांनी हे जाणार नाही."

गोळ्यांचं पाकीट माझ्याकडे दिलं. रोज रात्रीच्या ऐवजी सकाळी एक. कारण रात्री आम्ही जेवत नाही, हे मी त्यांना सांगितलं. वृषभना शाळेतून सुट्टी मिळेपर्यंत अनू माझ्याबरोबर निपाणीला परत.

६ डिसेंबर, शनिवार

गोळी अंगात गेली की अनूला मळमळतं. काल नीट जेवली नाही. माधवीही जास्त झोपतेय असं मला वाटतं. दुधातून जात असणार. मालुबाई म्हणाली, "डोस्क्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत न्हाईत, आक्का." मी तिला गप्प केलं.

पण विचार करत बसले. चार दिवस बंद ठेवून बघायला काय हरकत आहे? बोलून मोकळी झालीय, तोंडावर थोडं तेज आलंय. कॅल्शियमची गोळी तशीच पांढरी आहे. सकाळी तीच दिली. शोपांचा काढा दाट केला.

डॉक्टर शिकलेल्या आहेत, मान्य. पण मीही काही उगाच इतकी बाळंतपणं केली नाहीत.

९ डिसेंबर, मंगळवार

अनूला कळलं.

काल दिवसभर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून होती. आज गोळी तळहातावर घेऊन बघत राहिली. मग उठली, माझं कपाट उघडलं, आणि पाकीट काढलं. जवळजवळ भरलेलंच होतं.

मला वाटलं, ओरडेल. ओरडली नाही.

"मी तुला सगळं सांगितलं होतं, आई. काय दिसतं ते. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

"अगं, दुधातून बाळाला..."

"दूध, दूध, दूध! मी काय म्हैस हाय?"

हे ओसरीत उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली नाही.

अनूनं माझ्यासमोर गोळी घेतली आणि वृषभना फोन केला. संध्याकाळच्या आत ते आले. बाळाचे कपडे भरताना मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे." बाळंतपण अर्ध्यावर टाकून लेक माझ्या घरातून गेली. माधवीला ह्यांनी गाडीपर्यंत नेलं. मी दारातच उभी राहिले. शोपांचा डबा माझ्या हातातच राहिला होता, तो द्यायचा धीर झाला नाही.

१० डिसेंबर, बुधवार

माझं काय चुकलं हे कुणी विचारलं तर मला सांगता येईल. पण मी तसं का केलं, ते विचारलं तर येणार नाही.

२१ डिसेंबर, रविवार

वृषभ एक दिवसाआड ह्यांना फोन करतात. माझ्याशी बोलत नाहीत असं नाही, पण फोन ह्यांनाच करतात. अनू गोळी घेते, डॉक्टरांकडे जाते. सुट्टी काढून ते घरीच असतात. गेल्या आठवड्यात दोन दिवस फार वाईट गेले म्हणे. त्या दोन दिवसांत मी इथं बसून काय करत होते, ते आठवून बघितलं. पापड वाळत घालत होते.

खुडायला कुणी नाही म्हणून परसातला शेपू फुलावर आलाय. पिवळ्या बारीक छत्र्या. आता भाजीला उपयोग नाही.

बस्तीतून येताना पाटलांच्या सुनेची आई भेटली. लेकीला आठवा लागलाय, तुमचं ते शोपांचं औषध द्या म्हणाली. मी म्हटलं, देईन. मग तिथंच रस्त्यात उभी राहून तिला अनूचं सगळं सांगितलं. तिनं इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकतंय का म्हणून. मी आवाज कमी केला नाही.

४ जानेवारी, रविवार

अनूचा फोन. माझ्या फोनवर. नाव बघून आधी उचलायलाच भ्याले.

"आई, शेपूची भाजी कितीदा केली, तुझ्यासारखी होईना. मूगडाळ आधी घालतेस की नंतर?"

"आधी. अर्धकच्ची शिजली की मग शेपू. आणि झाकण ठेवायचं नाही, रंग जातो."

"बरं." मग जरा थांबून, "पुढच्या रविवारी ये. आप्पांना घेऊन."

ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला म्हाईत हुतं." काय माहीत होतं, ते नाही सांगितलं.

११ जानेवारी, रविवार. रात्री परत आल्यावर

खासबागेत शिरलो तर त्या गल्लीत सगळीकडे यंत्रमागांची खडखड. एवढ्या आवाजात बाळ कसं झोपतं, असं वाटलं. माधवी झोपली होती, चांगली बाळसेदार झालीय. अनू वाळलीय. पण डोळे माझ्याकडे बघत होते, भिंतीकडे नाही.

मी काही विचारायचं नाही, असं गाडीत ठरवलं होतं. जेवणं झाली. भाजी अनूनं केली होती, माझ्यापेक्षा कोरडी, पण चांगली. हे आणि वृषभ बाहेर जाऊन बसले. माधवी उठली आणि रडायला लागली, पाय पोटाशी घेऊन. मी सवयीनं म्हटलं, "वायू धरला असंल. चमचाभर शोपांचं पाणी..." आणि उठलेसुद्धा.

"आई, बस." अनूनं तिला उचलून खांद्यावर घेतलं. "हे पोटाचं रडणं न्हाय. हे झोपमोड झाल्याचं आहे. पोटाचं असलं की ती आधी गप्प होते आणि मग रडते." पाठीवरून हात फिरवत ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. हात थोडे कापत होते. तिनं ते लपवले नाहीत. माधवी हळूहळू शांत झाली.

मी खाली बसले.

"अजून दिसतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दिसतं. पहिल्यासारखं न्हाय. येतं आणि जातं. डॉक्टर म्हणतात, आलं तर येऊ दे, बाळाला खाली ठेवू नको."

"काय दिसतं ते सांगशील मला? सगळं?"

तिनं सांगितलं. पहिल्या दिवसापासूनचं, एकेक. ते मी इथं लिहीत नाही. मी मध्ये एकदाही बोलले नाही. माझ्या आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसले नसेन.

सांगून झाल्यावर म्हणाली, "भ्यालीस?"

"व्हय," मी म्हटलं.

"मी पण," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून माधवीला दुधाला घेतलं.